गोलाई आणि माळवद

लातूरची गंजगोलाई बघायची तर सकाळी, दुकानांची शटरं वर जाण्याआधी गाठावी. मधोमध अंबाबाईचं देऊळ, त्याभोवती वर्तुळाकार दुमजली इमारत आणि तिथून फुटणारे सोळा रस्ते. निजामी राजवटीत, १९१७ साली, नगररचनाकार फय्याजुद्दीन यांनी ही आखणी केली. तिच्यामागचा हिशेब पायी फिरल्यावर कळतो. सराफा, चपला, मिरची, गूळ असा बाजार रस्त्यारस्त्यांत वाटून दिलेला. गिऱ्हाईक मध्यावर आलं की हवा तो माल कुठल्या तोंडाला आहे, हे विचारावं लागत नाही. शंभर वर्षांनंतरही ही व्यवस्था चालू आहे. मराठवाड्यात इतकी शहाणी आखणी मला दुसरी दिसलेली नाही.

नांदेड असं कागदावर आखून झालेलं नाही. ते गोदावरीच्या काठाने वाढलं. नंदगिरीचा किल्ला, घाट, आणि महाराजा रणजितसिंगांच्या काळात १८३२ ते १८३७ मध्ये उभा राहिलेला सचखंड हुजूर साहिब. २००८ च्या शिखांच्या गुरु-ता-गद्दी सोहळ्यासाठी गुरुद्वाराचा परिसर मोकळा झाला, रस्ते रुंद झाले. जुनं नांदेड बघायचं तर आता गल्लीबोळांत शिरावं लागतं.

माझा जीव मात्र दोन्हीकडच्या माळवदांत, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या जुन्या घरांत, अडकलेला आहे. ढाळजेतून आत गेलं की लाकडी खांब, त्यांवर तुळया, वर किलचन आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आत गारवा, उजेडाला छतातलं साणं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून माणसं झोपलेली असताना लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीला भूकंप झाला, हजारो माणसं गेली आणि दगडमातीच्या घरावरचा विश्वासच उडाला. तो का उडाला, हे समजण्यासारखं आहे. घरच्यांना ढिगाऱ्यातून काढणाऱ्याला कुणी वास्तुकला शिकवू नये.

तरीही अर्धवट पाडलेलं घर दिसलं की मी थांबतो. भिंत कापल्यासारखी समोर असते: आतून एक थर, बाहेरून एक थर, मधे मातीत कोंबलेले बारके दगड. दोन्ही अंगांना बांधून ठेवणारा आरपार लांब दगड बहुतेक ठिकाणी नसतोच. हादरा बसला की थर सुटतात, भिंत फुगते आणि ढासळते. किल्लारीच्या पट्ट्यात कित्येक घरांच्या भिंती कोसळल्या, पण खांब-तुळयांचे लाकडी खण जागेवर उभे राहिले. दोष बांधणीचा होता. शिवाय दरसाल गळती थांबवायला माती चढवत गेल्याने छताचं ओझंही वाढलेलं.

आरपार दगड घालता येतात, वरची माती उतरवून छत हलकं करता येतं, खांबांना आडवे-तिरपे आधार देता येतात. त्यामुळे वाडा पाडायचं ठरवण्याआधी एकदा जाणत्या गवंड्याला आणि अभियंत्याला सोबत आणून भिंत उकलून बघा. पाडायचाच ठरला, तर निदान खणांची मापं घेऊन नकाशा काढून ठेवा. सागवान विकत घ्यायला माणूस दारात उभाच असतो. मापं घ्यायला कुणी येत नाही.