सरवा

आजची शेतनोंद, 22 डिसेंबर, वाळूज शिवार.

कपाशीची शेवटची वेचणी परवा आटोपली. झाडाला आता शेंड्याकडची कवडी, किडकी बोंडं आणि खाली पडलेला थोडा कापूस एवढंच राहिलंय. फरदड घ्यायची नाही हे पक्कं. 27 तारखेला ट्रॅक्टरला श्रेडर लावून पऱ्हाटी काढणार. तोवर शेत सरव्यासाठी मोकळं ठेवलंय. ज्याला लागेल त्यानं यावं, वेचावं, घेऊन जावं.

सरवा म्हणजे पीक काढून झाल्यावर रानात राहिलेलं, पडलेलं. नव्या पोरांना हा शब्दच माहीत नाही, म्हणून सांगितलं. एरवी या पानावर मी खत-फवारणीचंच लिहितो. पण नाताळ तोंडावर आलाय, म्हणून आज जरा मनातलं लिहितो.

मागच्या वर्षी याच दिवसांत माझं डोकं फिरलेलं होतं. कापसाला भाव नव्हता, वेचणीला किलोमागे दहा रुपये देऊनही बाया मिळेनात. एका दुपारी शेतात गेलो तर लांबच्या बांधाकडं एक बाई वाकून काहीतरी वेचत होती. सोबत सहा-सात वर्षांची पोरगी. मी लांबूनच ओरडलो, "कोणाला इचारून आत आलात?"

ती म्हणाली, "दादा, वेचून झालेलं रान दिसलं म्हून आले. खाली पडलेलंच घेतलं."

रांजणगावात खोली करून राहते म्हणाली. मूळची परभणीकडची. नवरा एका कंपनीत कंत्राटी होता, त्याला ब्रेक मिळालेला. मी ते ऐकून घेतलं आणि तरीही गाठोडं सोडायला लावलं. तीन-साडेतीन किलो कवडी असेल, पाला-माती लागलेली. दीडशे रुपयांचाही माल नव्हता. ती सगळी खाली ओतली, फडकं झटकलं आणि पोरीचा हात धरून निघून गेली. पोरगी चालता चालता मागं वळून बघत होती.

ती कवडी मी विकलीसुद्धा नाही. गोठ्याच्या कोपऱ्यात टाकली, तिथंच कुजली.

त्याच रात्री आमच्या घरी नाताळाची भजनी मंडळी आली. आमचं घर तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. अंगणात चांदणीचा कंदील लावलेला, घरच्यांनी करंज्या-शंकरपाळे केलेले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजनं आमच्यात टाळ-ढोलकीवर म्हणतात, वारकऱ्यांसारखीच. ढोलकी माझ्याकडं होती. मी जोरात वाजवली. लोक म्हणाले, आज रंग भरला. दुपारचं कोणाला सांगितलं नाही.

दोन दिवसांनी रविवार होता. आगमनकाळातला शेवटचा रविवार. उपासनेत पाळकसाहेबांनी गव्हाणीचा उतारा न घेता रूथची गोष्ट घेतली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रूथ ही मवाब देशाची बाई. नवरा वारलेला. सासूचा हात न सोडता ती सासूच्या गावी, बेथलेहेमला आली. घरात खायला नाही. सातूचा हंगाम चालू होता, म्हणून ती परक्याच्या शेतात सरवा वेचायला गेली. मराठी बायबलात हाच शब्द आहे, सरवा. शेताचा मालक बवाज. त्यानं तिला हाकललं नाही. उलट कापणी करणाऱ्या गड्यांना सांगितलं, तिला कोणी बोलू नका, मुठीतल्या थोड्या ओंब्या मुद्दाम खाली पडू द्या. पुढं त्याच बवाजाशी तिचं लग्न झालं. त्यांचा पणतू दावीद राजा. आणि त्याच वंशात, त्याच बेथलेहेमात, प्रभू येशूचा जन्म झाला. मत्तयानं शुभवर्तमानाच्या पहिल्याच पानावर वंशावळ दिली आहे, त्यात रूथचं नाव आहे.

पाळकसाहेब म्हणाले, बेथलेहेम या नावाचा अर्थ भाकरीचं घर. मी मान खाली घातली ती उपासना संपेपर्यंत वर केली नाही.

घरी येऊन लेवीयाचा एकोणिसावा अध्याय काढला. तिथं शेतकऱ्याला सरळ हुकूम आहे. शेताचे कोपरे पूर्ण कापू नको, सरवा स्वतः गोळा करू नको, ते गरिबाचं आणि परक्याचं. अनुवादाच्या चोविसाव्यात तर असं आहे की पेंढी रानात विसरली तर ती आणायलाही परत जाऊ नको. यात दान हा शब्द नाही. ते त्यांचंच आहे, असं आहे. मालकानं द्यायचा प्रश्नच नाही, फक्त अडवायचं नाही. मी नेमकं अडवलं होतं.

आणखी एक गोष्ट टोचत होती. आमची आजी सरव्यावर जगलेली बाई. आजोबांना गुंठाभर जमीन नव्हती. 1972 च्या दुष्काळात आजी खडी फोडायला होती, मिलो ज्वारीच्या भाकरी आणि सुकडी खाऊन दिवस काढले. पण त्याच्या आधीही आणि नंतरही, बाजरीची कणसं, भुईमुगाच्या शेंगा, खळ्यावरचं मातरं पाखडून निघालेले दाणे, यावर घर चाललं. सरवा हा शब्द मी तिच्याच तोंडून शिकलो. ती सांगायची, एक पाटील होते, ते शेंगा काढून झाल्या की बांधावर उभं राहून हाक द्यायचे, या गं बायांनो. दुसरे एक होते, ते कुत्रं सोडायचे. मरेपर्यंत तिला दोघंही आठवत होते. माझ्या वडिलांनी मजुरी करून अडीच एकर घेतली, म्हणून आज मी बांधावर उभं राहून ओरडू शकतो.

नाताळ झाल्यावर रांजणगावला गेलो. खोल्यांच्या रांगाच रांगा, एकेका चाळीत वीस-वीस बिऱ्हाडं. काय विचारणार? मी तिचं नावच विचारलं नव्हतं. परभणीकडची बाई, एक पोरगी, असं विचारत दोन वेळा फिरलो. सापडली नाही.

म्हणून या वर्षी शेत मोकळं. शेजारी म्हणतात, सवय लागेल, उद्या उभं पीक नेतील. मी साधा नियम केलाय. वेचणी झालेल्या रानाच्या बांधावर लिंबाला पांढरं फडकं बांधतो. फडकं असेल तिथंच यायचं. आणि फवारणी ताजी असेल तर फडकं बांधायचंच नाही. उघड्या हातानं वेचणाऱ्या बाया-पोरं असतात, हे विसरू नका. औषधाच्या डब्यावर दिलेला काळ पूर्ण होऊ द्या.

कृषी शाखेच्या मित्रांसाठी एक मुद्दा. गुलाबी बोंडअळी याच उरलेल्या बोंडांत, सरकीत सुप्त बसते आणि पुढच्या हंगामाला उठते. म्हणून तर डिसेंबरअखेर कपाशी संपवा, पऱ्हाट्या बांधावर रचू नका, असं सांगतात. सरवा वेचला गेला तर तेवढी बोंडं रानातून कमी होतात. अर्थात तेवढ्यावर भागत नाही, श्रेडर लागतोच. आणि नेलेली कवडी घरात साठवू नका, लगेच विका, एवढं मी येणाऱ्यांना सांगतो. पण खरं सांगू का, हा फायदा मला नंतर सुचला. अळी नसती तरी शेत मोकळंच ठेवलं असतं.

आज सकाळी पाच बाया आल्या. एक म्हातारी, बाकी तरण्या. मी एकेकीला आधी नाव विचारलं. दुपारी घरच्यांनी करंज्या पाठवल्या, बांधावर बसून सगळ्यांनी खाल्ल्या. ती बाई काही आली नाही.

तुमच्या शिवारात अजून सरवा वेचू देतात का, कोणत्या पिकाचा, आणि त्याला काय म्हणतात, ते जरूर लिहा.

सगळ्यांना नाताळाच्या शुभेच्छा. हरभऱ्यात घाटेअळी दिसायला लागली आहे, पक्षीथांबे लावले नसतील तर लावून घ्या.