पंचाहत्तर हजारांची यादी

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मधे डोळ्यांचं ऑपरेशन झालं, आणि खरं सांगायचं तर थोडा आळसही होताच. पण परवा कपाट आवरताना जुन्या पासबुकात घडी घातलेला एक कागद सापडला आणि म्हटलं, हे लिहून ठेवायला हवं. कागदावर नातवाच्या किरट्या अक्षरातल्या नऊ ओळी, त्यातल्या चार खोडून पुन्हा लिहिलेल्या. आणि एका आकड्याभोवती पेन्सिलीनं काढलेलं वर्तुळ. त्या वर्तुळाचीच ही गोष्ट.

मे २०२३ मध्ये नातवाचा बारावीचा निकाल लागला. मी त्याला विचारलं, "काय हवं तुला?" मला वाटलं मोबाइल म्हणेल, फार तर सायकल. तो म्हणाला, "आजी, गेमिंग पीसी. पण तयार नाही हं, पार्ट आणून मी स्वतः जोडणार."

पीसी म्हणजे कॉम्प्युटर एवढं मला ठाऊक होतं. ह्यांच्या माघारी माझ्या नावावर आलेली एक एफ.डी. त्याच महिन्यात पिकणार होती. मी म्हटलं, "पंचाहत्तर हजार देईन. एक रुपयाही वर नाही. आणि माझी एक अट. यादीतला प्रत्येक पार्ट कशासाठी, आणि हाच का, ते मला कळेल अशा मराठीत सांगायचं. नाही कळलं तर तो पार्ट रद्द."

सूनबाई हसली. मुलगा मात्र हसला नाही. "खेळायच्या यंत्राला पाऊण लाख?" एवढंच म्हणाला आणि पेपर वाचायला लागला. आमच्या घरात मोठी भांडणं होत नाहीत, पेपर वाचले जातात.

पहिली यादी आली ती १ लाख २ हजारांची! मी लाल पेन घेऊन बसले. चौतीस वर्षांची सवय, जाते कुठे?

आमचा वर्ग रोज रात्री जेवणानंतर भरायचा. तो शिकवायचा, मी शिकायची. प्रोसेसर म्हणजे मुख्याध्यापक, सगळे निर्णय त्याचे. रॅम म्हणजे फळा, चालू तासाचं सगळं त्यावर, वीज गेली की पुसलं. एसएसडी म्हणजे कपाटातल्या वह्या, वीज गेली तरी जिथल्या तिथे. मदरबोर्ड म्हणजे शाळेची इमारत, सगळ्यांना जोडणारी. हे रूपक माझंच, पण तो म्हणाला बरोबर आहे.

अडलं ते ग्राफिक्स कार्डापाशी. यादीतला सगळ्यात महाग पार्ट, ३६ हजारांचा. "मुख्याध्यापक एवढा हुशार आहे तर चित्रं काढायला वेगळा माणूस कशाला?" मी विचारलं. तेव्हा त्यानं जे सांगितलं ते मी अजून विसरले नाही. तो म्हणाला, "आजी, तू ठिपक्यांची रांगोळी काढतेस ना? आपल्या स्क्रीनवर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. कर गुणाकार." मी केला. २० लाख ७३ हजार ६००. "आता ही रांगोळी एका सेकंदात १४४ वेळा पुसून नव्यानं काढायची." म्हणजे सेकंदाला जवळपास ३० कोटी ठिपके! एकटा हुशार माणूस हे करू शकत नाही. त्याला फार हुशार नसलेली पण पुष्कळ माणसं लागतात, सगळ्यांनी एकाच वेळी आपापला ठिपका भरायचा. शेवटी आम्ही जे कार्ड घेतलं, रेडिऑन आरएक्स ६६००, त्यात असे १७९२ रांगोळी काढणारे आहेत. मी मनातल्या मनात त्या सगळ्यांना पाटावर बसवून पाहिलं.

मग लक्षात आलं की यादीतल्या ओळी सुट्या नाहीतच. एक ओढली की दुसरी हलते. त्याला मोठा मॉनिटर हवा होता, २५६० बाय १४४० वाला. मी गुणाकार केला, ३६ लाख ८६ हजार ठिपके. म्हणजे रांगोळी काढणारे जास्त, म्हणजे कार्ड मोठं, कार्डाला वीज जास्त. मॉनिटर लहान केला तर कार्ड लहान चालतं. मग त्यानंच मॉनिटरवर काट मारली आणि चोवीस इंची घेतला. कार्ड उतरलं २१ हजार ५०० वर.

प्रोसेसरची गोष्ट तशीच. नवीन पद्धतीचा, एएम ५ सॉकेटचा घेतला तर पुढे बदलायला सोपं. पण त्याला बोर्ड महाग आणि रॅम डीडीआर ५ चीच लागते. जुन्या एएम ४ चा रायझन ५ ५६०० घेतला तर आज स्वस्त, पण तो रस्ता पुढे फार लांब जात नाही. दोन रात्री तो याच एका ओळीपाशी अडून होता. मी काही बोलले नाही. शेवटी त्यानं जुना लिहिला आणि म्हणाला, "चार वर्षं पुरेल आजी. पुढचं मी माझ्या पैशांनी करीन." पाण्यानं थंड करायचं एक प्रकरण होतं नऊ हजारांचं, तेही गेलं, कारण या प्रोसेसरच्या खोक्यात पंखा मिळतोच. रंगीबेरंगी दिव्यांचे सहा पंखेही गेले. ते जाताना मात्र त्याचा चेहरा पडला होता!

यादी फ्रिजवर चुंबकाखाली लावलेली असे. एके दिवशी सकाळी दूध ठेवायला गेले तर शेवटच्या ओळीतल्या आकड्याभोवती पेन्सिलीचं वर्तुळ. 'एसएमपीएस – १,८००'. आणि शेजारी बारीक अक्षरात, '४,०००?'

नातवाला वाटलं मी काढलं. मी कशाला काढीन? मला त्या पार्टचं नावही नीट म्हणता येत नव्हतं. पण तो चार मी ओळखला. वरून उघडा, पाय थोडा वाकडा. पहिलीत असताना त्याच्या बापाला मी तो चार गिरवायला लावला होता आणि शेवटपर्यंत तो सरळ झाला नाही.

नातवाला म्हटलं, "आज हा पार्ट शिकव." तो जरा ओशाळला. म्हणाला, हा भिंतीतली २३० व्होल्टची वीज घेतो आणि आत सगळ्यांना १२, ५, ३.३ व्होल्ट अशी वाटतो. दिसत नाही, वेग वाढवत नाही, म्हणून तिथे पैसे वाचवले होते. आमच्या गावातल्या एका दुकानात तर कॅबिनेटबरोबर फुकटही देत होते. "आणि तो बिघडला तर?" "तर... जाताना बाकीच्यांनाही घेऊन जाऊ शकतो." म्हणजे ७० हजारांचं सामान १,८०० रुपयांच्या भरवशावर! मग हिशोब झाला. कार्ड १३२ वॅट, प्रोसेसर ६५, बाकी सगळं धरून तीनशेच्या आत. चांगल्या बनावटीचा ५५० वॅटचा पुरेसा. ४,१०० रुपये. ते काढायला कॅबिनेटची काच गेली.

मुलाला कुणीच काही विचारलं नाही. पण जूनच्या दुसऱ्या शनिवारी, बँकेला सुट्टी असते तेव्हा, तो आंघोळ करून सकाळी आठला बूट घालून तयार. "लॅमिंग्टन रोडलाच जाताय ना? मीही येतो."

डोंबिवलीहून दादर, दादरहून ग्रँट रोड. पाऊस अजून आला नव्हता, घामाच्या नुसत्या धारा. लॅमिंग्टन रोडचं सरकारी नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ते नुसतं पाटीवर. माझ्या डोक्यात तो रस्ता म्हणजे मिनर्व्हा थिएटर, जिथे 'शोले' पाच वर्षं चालला. कॉम्प्युटरच्या बाजारात मी पहिल्यांदाच पाय ठेवत होते. दुकानाला लागून दुकान, फूटपाथवर वायरींची भेंडोळी. नातू फोनमध्ये नकाशा बघत होता. मुलगा मात्र सरळ चालत सुटला, डावीकडे वळला, एका इमारतीत शिरून जिना चढायला लागला.

"तुला रे कसं ठाऊक?" मी धापा टाकत विचारलं.

"कॉलेज सुटलं की यायचो."

त्याचं कॉलेज गिरगावात. ग्रँट रोड तिथून हाकेच्या अंतरावर.

"काय घ्यायला?"

"घ्यायला कुठलं, आई? भाव विचारायला. वहीत लिहून ठेवायचो. पेंटियम १३३, सोळा एमबी रॅम, एक जीबीची हार्ड डिस्क. माझीही यादी होती."

नातू म्हणाला, "बाबा, सोळा एमबी? माझी सोळा जीबी आहे!" दोघं हसले. हजारपटीचा फरक. मी विचारलं, "ती वही?" तो म्हणाला, "गेली असेल रद्दीत."

रद्दी दर महिन्याला मीच घालत असे.

मंडळी, १९९६ साली त्यानं कॉम्प्युटर मागितला होता. असेंबल केलेला सुद्धा चाळीस-पंचेचाळीस हजारांच्या घरात जायचा, आम्हा दोघांचे चार-पाच महिन्यांचे पगार. घराचा हप्ता होता, वन्संचं लग्न नुकतंच झालं होतं. पैसे नव्हते हे खरं. पण नुसतं पैशांचं असतं तर मी तसं सांगितलं असतं. मी म्हणाले, "आधी बारावी, मग बघू." आणि बारावी झाल्यावर, "आता कॉमर्सला कॉम्प्युटर कशाला?" कॉमर्सही मीच निवडलं होतं. बँकेची नोकरी म्हणजे पेन्शन, असं आमचं गणित. 'मग बघू' हे आम्हा मास्तर लोकांचं 'नाही' असतं. त्यानं पुन्हा कधी मागितलं नाही आणि मी समजले, नाद सुटला.

दुकानात मी एका स्टुलावर बसून होते. बापलेक काउंटरवर वाकून प्रत्येक खोक्याचं सील, वॉरंटीचा कागद तपासत होते. दुकानदार म्हणाला, "माजी, आप भी गेम खेलेंगी?" मी म्हटलं, "पैसे मी देतेय, खेळेनसुद्धा." बिल झालं ७४ हजार. उरलेल्यातून स्टेशनापर्यंत टॅक्सी आणि वडापाव.

त्याच रात्री जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून मांडामांड झाली. प्रोसेसरच्या पोटाला केसासारख्या बारीक पिना असतात. कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण बोर्डावरच्या त्रिकोणाशी जुळवायचा आणि नुसता ठेवायचा, दाबायचा नाही. नातवानं तो श्वास रोखून ठेवला. आम्हीही रोखला.

रात्री अकराला बटण दाबलं. पंखे फिरले, दिवा लागला. स्क्रीन काळी. पुन्हा दाबलं. काळी. पोराच्या डोळ्यांत पाणी आलं. "जळलं वाटतं काहीतरी. आजीचे पैसे..."

मी मुलाकडे बघितलं. तो मॉनिटरच्या मागे बघत होता. हात पुढे गेला नाही त्याचा. म्हणाला, "तू काय काय जोडलंस ते आजीला पहिल्यापासून सांग."

"बाबा, आत्ता?"

"आत्ताच. तिला कळेल असं."

पोरगं नाक पुसत सांगायला लागलं. हा मुख्याध्यापक, हा फळा, या वह्या... "या प्रोसेसरला स्वतःला चित्र काढता येत नाही, म्हणून चित्र कार्डातून बाहेर पडतं आणि या वायरनं मॉनिटरला..." आणि थांबला. वायर त्यानं कार्डाऐवजी बोर्डाच्या भोकात लावली होती. काढली, चार बोटं खाली लावली. स्क्रीन उजळली.

मी चौतीस वर्षं मुलांना फळ्यापाशी बोलावून 'सांग बघू' म्हणत आले. पण त्यांची चूक दिसली की माझा हात खडूकडे जायचा. घरी तर आधीच जायचा.

पुढचं थोडक्यात. नातू आयटीला गेला. पहिल्या सेमिस्टरला गणितात के.टी. लागली. मला वाटलं आता मुलगा मला त्या यंत्रावरून बोलणार. तो इतकंच म्हणाला, "सुटेल." सुटली. गेम खेळतो तो, भरपूर खेळतो, मी खोटं कशाला सांगू? २०२५ च्या शेवटी त्याला आणखी सोळा जीबी रॅम टाकायची होती, तर भाव भडकलेले. एआयच्या मोठमोठ्या केंद्रांनी सगळी मेमरी उचलली म्हणे. त्यानं वहीत आजचा भाव लिहिला आणि म्हणाला, थांबू.

रविवारी दुपारी आता खुर्चीत कधी कधी मुलगा असतो. गाडी चालवायचा कसला तरी गेम आहे. मी चहा ठेवते शेजारी. तो "हं" म्हणतो, मान वळवत नाही. पूर्वी मी ओरडले असते, आधी चहा घे म्हणून.

कागद पुन्हा पासबुकात ठेवलाय. पेन्सिल पुसट होत चालली आहे, पण चार अजून वाचता येतो.

असो. फार लांबलं. ठाण्याच्या वन्सं हे वाचतील आणि फोन करतील, "वहिनी, माझं लग्न मधे कशाला आणलंस?" आणलं खरं!