न उघडणारी दारे

पुण्याजवळच्या लवासा या नियोजित डोंगरी शहरातील दासवे येथे तलावाकाठी पिवळ्या, गेरूच्या आणि फिकट गुलाबी रंगांच्या इमारतींची जी रांग उभी आहे, तिच्याकडे पाहताना नजर रंगांवर फार काळ ठरत नाही. ती दारांवर जाऊन अडते. इटलीतील पोर्तोफिनो या बंदरगावाच्या धर्तीवर बेतलेल्या या दर्शनी भागांना कमानी आहेत, सज्जे आहेत, आणि त्यांखालची बरीच दारे बंद असतात. बंद दारे कोणत्याही गावात असतात. पण ती कधीकाळी उघडत होती असा भरवसा उंबरठ्याच्या झिजेवरून बसतो, आणि येथले उंबरठे झिजलेले नाहीत. संगणकावरील नेमबाजीच्या खेळांसाठी हौसेने नकाशे रचणाऱ्यांच्या जगात असे दार हा दोष मानला जातो. दार रंगवले असेल तर ते उघडले पाहिजे, आणि उघडायचे नसेल तर त्यावर तसे स्पष्ट दिसणारे कुलूप, लाकूड किंवा ढिगारा हवा, असा तेथील रिवाज आहे. कारण एकदा फसलेला खेळाडू पुढच्या खऱ्या दारालाही हात लावत नाही.

हे नकाशे ज्या खेळांसाठी रचले जातात, त्यांत खेळणाऱ्याला स्वतःचे पात्र दिसत नाही. त्या पात्राच्या डोळ्यांपुढचे जग आणि हातातले शस्त्र एवढेच पडद्यावर असते. या प्रकारातील अभिजात खेळ म्हणजे इड सॉफ्टवेअर या अमेरिकी कंपनीने १० डिसेंबर १९९३ रोजी प्रसिद्ध केलेला ‘डूम’. त्याचे इंजिन, म्हणजे चित्र काढणारा आणि नियम चालवणारा मूळ प्रोग्राम, जॉन कारमॅक याने खेळातील सामग्रीपासून मुद्दाम वेगळे ठेवले; भिंती, राक्षस, आवाज हे सारे ‘वॅड’ नावाच्या फाइलीत बांधले गेले, आणि ती फाइल बदलली की तेच इंजिन निराळेच जग दाखवू लागले. १९९४ उजाडताच हौशी मंडळींनी नकाशे रचण्याची स्वतःची साधने तयार केली, आणि तेव्हापासून सुरू झालेला हा उद्योग तीस वर्षे उलटून गेली तरी थांबलेला नाही.

डूमचा नकाशा वरून पाहिला तर रेषांचा असतो. बिंदूंना जोडणाऱ्या रेषा, रेषांनी वेढलेला भाग म्हणजे ‘सेक्टर’, आणि प्रत्येक सेक्टरला जमिनीची उंची, छताची उंची आणि उजेड यांचे एकेक माप, एवढ्यावर सारे जग उभे राहते. एका खोलीच्या डोक्यावर दुसरी खोली या मूळ इंजिनाला मांडता येत नाही. खेळाडूला उभे राहायला छपन्न एककांची उंची लागते, आणि चोवीस एककांपर्यंतची पायरी तो आपोआप चढतो. पंचविसाव्या एककाला तीच पायरी भिंत होते. रेषांचे काम संपले की दुसरे अंग सुरू होते. त्याला डूमच्या परिभाषेत ‘थिंग्ज’, म्हणजे वस्तू, म्हणतात: खेळाडू कोठे अवतरेल, राक्षस कोठे दबा धरील, काडतुसांची पेटी कोठे असेल आणि औषध कोठे. नवखा रचनाकार पहिल्या अंगावर महिने घालवतो आणि दुसरे एका संध्याकाळी उरकतो. नकाशा फसतो तो बहुधा त्या संध्याकाळी.

लवासाचेही काहीसे असेच झाले असे म्हणायला जागा आहे. वरसगाव धरणाच्या जलाशयाकाठी, मोसे नदीच्या खोऱ्यात, एचओके या अमेरिकी वास्तुसंस्थेने आखलेल्या रेषा देखण्या होत्या, त्यांना पारितोषिकेही मिळाली. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्याची नोटीस बजावली, वर्षभराने सशर्त मंजुरी आली, आणि २०१८ मध्ये शहर उभारणारी कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. हॉटेले चालू आहेत, एका विद्यापीठाचे आवार आहे, शनिवार-रविवारी मोटारींची रीघ लागते. तरीही वस्तू मांडायच्या राहूनच गेल्या. ज्या आधीपासून मांडलेल्या होत्या, म्हणजे दासवे-मुगावची शेते, देवळे, कातकरी वस्त्या, त्या आराखड्याच्या पार्श्वभूमीत गेल्या.

डूमचा एक रचनाकार जॉन रोमेरो याने स्वतःपुरते काही नियम घालून घेतले होते. फरशीचा पोत बदलायचा असेल तर तिची उंचीही बदलावी, उजेड आणि अंधार, अरुंद आणि ऐसपैस यांचा विरोध सतत राखावा, एकाच जागेवरून खेळाडूला पुन्हा पुन्हा नेऊन ती त्याच्या ओळखीची करावी, आणि खिडकीतून बाहेरचे आवार दिसत असेल तर तेथे पोहोचण्याची वाट कोठेतरी असावी. हा शेवटचा नियम सर्वांत उदार आहे. डोळ्यांना जे दाखवले ते पायांनाही मिळाले पाहिजे, हा खेळाडूला दिलेला शब्द आहे, आणि तो पाळणे खर्चिक असते.

समतोल साधणे हे याहून रूक्ष, पण अधिक गोड काम आहे. डूममधील शॉटगनच्या एका काडतुसातून सात छर्रे सुटतात आणि प्रत्येक छर्रा पाच, दहा किंवा पंधरा इजा करतो. म्हणजे सगळे छर्रे लागले तर एका बारात सरासरी सत्तर. आगीचे गोळे फेकणाऱ्या ‘इम्प’ नावाच्या तपकिरी राक्षसाची ताकद साठ, म्हणून जवळून मारलेला एक बार त्याला बहुधा पुरतो. गुलाबी, चावऱ्या ‘डीमन’ची ताकद दीडशे, त्याला दोन-तीन बार लागतात, ‘बॅरन’ची हजार, त्याला पंधराच्या आसपास. म्हणजे खोलीत एक बॅरन उभा करणे हा काडतुसांच्या हिशेबात डझनभर इम्पांहून मोठा खर्च आहे, जरी नकाशावर तो एकच ठिपका दिसतो. बार वाया जातात, लांबून छर्रे पांगतात, म्हणून हिशेबाच्या दीडपट काडतुसे ठेवावीत असा एक सुमार. पण ती सगळी लढाईआधी दिली तर भीती उरत नाही आणि सगळी नंतर दिली तर खेळाडू चिडतो. निम्मी पेटी राक्षसाच्या पाठीमागे, दिसेल पण हाताला येणार नाही अशी ठेवणे, यात कसब आहे. याउलट २००१ च्या ‘नट्स’ या कुप्रसिद्ध नकाशात दहा हजारांवर राक्षस एका मैदानात ओतले आहेत. तो विनोद म्हणून एकदा पाहावा, पण त्याच्या पठडीतले कत्तलीचे नकाशे रचना या नावाला पात्र नाहीत.

मात्र ज्या प्रदेशात लवासा आहे, त्याला ही विद्या नवी नाही. वरसगाव आणि पानशेतच्या खोऱ्यांपलीकडे तोरणा आणि राजगड आहेत, आणि सह्याद्रीतील शिवकालीन गडाचा दरवाजा हा वाट आखण्याच्या शास्त्रातला एक पूर्ण धडा आहे. गोमुखी रचना म्हणतात ती अशी: दरवाजा थेट समोर येत नाही, दोन बुरूज एकमेकांना कवळत पुढे येतात, त्यांच्यामधून वाट वळसा घेत आत शिरते, आणि चढून आलेल्या शत्रूला दार दिसण्याआधीच तो बुरुजावरच्या माऱ्याखाली आलेला असतो. वळण असे की हत्तीला धावत येऊन धडक द्यायला अंतर मिळत नाही. पायऱ्या उंच आणि कमी-जास्त, म्हणून चढणाऱ्याची नजर पायांत अडकते. तटात जंग्या, म्हणजे मारा करण्याची तिरकी भोके, असतात; आतून रुंद आणि बाहेरून निमुळती, आतल्याला वाट दिसावी आणि बाहेरच्याला केवळ एक काळी फट. दार ओलांडले की देवड्या, म्हणजे पहारेकऱ्यांच्या ओवऱ्या, आणि त्यांपुढे बऱ्याचदा आणखी एक वळण. रायगडाच्या महादरवाजापाशी ही सारी रचना आजही पायांनी वाचता येते. राजगडाच्या संजीवनी माचीवर चिलखती बुरूज आहेत: आत एक बुरूज, बाहेरून त्याला वेढणारा दुसरा, मध्ये माणूस जेमतेम मावेल अशी खोल फट. बाहेरचा बुरूज पडला तरी शत्रू जिंकत नाही. तो त्या फटीत उतरतो आणि आतला बुरूज त्याच्या डोक्यावर असतो.

रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ‘आज्ञापत्रा’त, म्हणजे अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील राजनीतीच्या ग्रंथात, गडाच्या बांधणीवर जे प्रकरण आहे ते नकाशाकाराने उशाशी ठेवावे असे आहे. दरवाजावर बाहेरून समोरासमोर मारा होऊ नये, येण्याजाण्याची वाट बुरुजाच्या टप्प्यात पडावी, गडाला एकच दरवाजा असणे हा मोठा दोष समजून चोरदिंड्या ठेवाव्यात, आणि गडाजवळ दुसरा डोंगर असल्यास तो सुरुंगाने फोडावा किंवा गडाच्या कह्यात आणावा, असे त्यात बजावले आहे. प्रेक्षणीयतेबद्दल तेथे चकार शब्द नाही, तरीही ते गड देखणे आहेत. ही गोष्ट पोर्तोफिनोची नक्कल करणाऱ्यांना कोणी सांगितली असती तर बरे झाले असते. फरक एवढाच की गड बांधणाऱ्याला समतोल नको होता. आत कोणीही येऊ नये हे त्याचे यश, आणि डूमच्या नकाशात खेळाडू आत येऊ शकला नाही तर ते अपयश. वळण तेच, जंगी तीच, दबा तोच. पण शेवटी चढून येणाऱ्याने जिंकावे, आणि ते आपल्याच हिकमतीने जिंकलो असे त्याला वाटावे, अशा बेताने अडसर किंचित सैल ठेवायचा. इम्पाने आगीचा गोळा फेकण्यापूर्वी खेळाडूला त्याचे गुरगुरणे ऐकू यावे, ही त्या सैलपणाची एक तऱ्हा.

दोन गटांच्या खेळात हिशेब आणखी बदलतो. डेव्ह जॉन्स्टन याने २००१ मध्ये रचलेला ‘डस्ट २’ हा ‘काउंटर-स्ट्राइक’चा नकाशा पुण्या-मुंबईच्या सायबर कॅफेंतून आणि अभियांत्रिकीच्या वसतिगृहांतून एका अख्ख्या पिढीच्या पायाखालचा झाला, त्याचे मर्म सेकंदांत आहे. मोक्याच्या चिंचोळ्या जागांपाशी दोन्ही गट जवळजवळ एकाच वेळी पोहोचतात, आणि एक वाट बंद झाली तर फिरून जायला दुसरी असते. लवासाची रचना या कसोटीवर टिकणार नाही: टेमघरच्या घाटातून येणारा एक मुख्य रस्ता, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला चढ. जो आधी पोहोचला त्याने तो रस्ता अडवला की खेळ संपला. एकट्या खेळाडूला मात्र तेथे बहार येईल.

रचनाकाराला स्वतःचा नकाशा कळत नाही, कारण दबा कोठे आहे हे त्याला आधीच ठाऊक असते. त्यावर डूमने एक सुंदर सोय दिली आहे. ‘डेमो’ नावाच्या फाइलीत चित्रे नसतात, खेळाडूने क्षणाक्षणाला काय दाबले एवढीच नोंद असते. खेळातील यदृच्छा २५६ आकड्यांच्या एका ठरीव कोष्टकातून येत असल्यामुळे त्या नोंदीवरून अख्खा खेळ जसाच्या तसा पुन्हा उभा राहतो. अनोळखी माणसाचा डेमो पाहताना तो कोठे थबकला, कोणत्या कोपऱ्यात तीनदा फिरला, कोणत्या रंगवलेल्या दाराला धडकला, हे सारे दिसते, आणि त्यानंतरच खरी दुरुस्ती सुरू होते. शहरांच्या आराखड्यांना अशी सोय नाही.

पुण्यातच आता सुपरगेमिंग ही कंपनी आहे. ‘मास्कगन’ हा नेमबाजीचा खेळ आणि २०२४ च्या ऑक्टोबरात आलेला ‘इंडस’ तिचे. पण हौसेने सुरुवात करू इच्छिणाऱ्याला नोकरीची वाट पाहण्याचे कारण नाही. डूमच्या इंजिनाची संहिता २३ डिसेंबर १९९७ रोजी खुली झाली, ‘फ्रीडूम’ नावाने सामग्री मोफत मिळते, आणि ‘अल्टिमेट डूम बिल्डर’ हे रचनेचे साधनही. पहिला नकाशा म्हणून राहते घर मात्र काढू नये. १९९४ पासून जवळजवळ प्रत्येकाने ते केले आहे, आणि खऱ्या मापाची खोली डूमच्या वेगाने धावणाऱ्याला कपाटासारखी वाटते. एक अंगण, दोन वाटा, तीन इम्प आणि सहा काडतुसे एवढ्यावर भागवावे, आणि दार काढलेच तर ते उघडते की नाही ते शेजाऱ्याच्या मुलाकडून तपासून घ्यावे.