दाढीच्या ब्रशाची कुळकथा

ऋषीचें कूळ आणि नदीचें मूळ शोधूं नये, असें आपल्याकडे म्हणतात. या यादींत दाढीच्या ब्रशाचीहि भर घालावी, असें मला पुष्कळ दिवसांपासून वाटत आलें आहे. तांदूळ आंबेमोहोर कीं कोलम, तूप गाईचें कीं म्हशीचें, याची बारकाईनें चौकशी करणारा गृहस्थ रोज सकाळीं डोळ्यांवरची झोंप पुरती उडण्यापूर्वींच कोणा एका अज्ञात प्राण्याचे केस स्वतःच्या गालांवरून आणि ओठांवरून खुशाल फिरवीत असतो. आणि तो प्राणी कोण, असें त्याला विचारलें, तर आपण त्याच्या पानांत कांहीं भलतेंच वाढलें अशा नजरेनें तो आपल्याकडे पाहतो.

आमच्या आजोबांच्या पिढीला हा प्रश्नच पडला नाहीं. न्हावी धोकटी घेऊन ओसरीवर येई, वाटींतल्या पाण्यांत बोटें बुडवून गाल चोळचोळून भिजवी आणि वस्तरा चालवी. साबण असला तर असला. पाण्यानें केस नरम होतो, हें त्याला रसायनशास्त्र न शिकतांहि ठाऊक होतें. केसांतलें केरॅटिन पाणी शोषून फुगतें व मग पात्याला जोर कमी लागतो, एवढीच भर शास्त्रानें त्यांत घातली. स्वतःची दाढी स्वतःच करण्याची संवय घराघरांत रुजली, तसा ब्रशहि रुजला. त्याचें काम दिसतें तितकें साधें नाहीं. त्यानें पाणी धरून ठेवावयाचें, साबण व पाणी यांच्यांत हवा कोंडून दाट फेस करावयाचा, आणि तो फेस खुंटांच्या मुळापर्यंत नेऊन पोंचवावयाचा. हीं सगळीं कामें एकाच जातीच्या केसाला सारखींच साधत नाहींत, आणि येथेंच कुळांचा भेद सुरू होतो.

सर्वांत स्वस्त नैसर्गिक ब्रश डुकराच्या केसांचा. हा केस राठ, जाड आणि ताठ. नवा ब्रश हातीं आला म्हणजे पहिले आठ दिवस तो आपली परीक्षा पाहतो. त्याला वास येतो, तो फेस करण्याऐवजीं फेस गिळतो, आणि गालाला बोंचतो. परंतु हा केस पाणी आंत शोषून घेणारा आहे. चार-पांच मिनिटें पाण्यांत भिजत ठेवला कीं तो नमतो, आणि रोजच्या वापरानें त्याचीं टोंकें चिरून त्यांना दोन-तीन फांटे फुटतात. म्हणजे बुडाशीं ताठपणा कायम आणि शेंड्याला मऊपणा! नवा असतांना जो ब्रश फेंकून द्यावासा वाटला, तोच सहा महिन्यांनंतर सोडवत नाहीं. झिजल्यामुळें सुधारणाऱ्या वस्तू संसारांत थोड्याच असतात. जुनें धोतर आणि वापरलेला बिडाचा तवा यांच्या पंक्तीला मी हा ब्रश बसवितों.

घोड्याच्या केसांचा ब्रश स्पेन आणि तुर्कस्तान या देशांत अजून चालतो. आयाळ आणि शेपूट यांचे केस कापून घेतां येतात, त्यासाठीं घोडा मारावा लागत नाहीं, हा त्याचा मोठा गुण.

या सर्व कुळांतला राजा म्हणजे बॅजर. हा युरोप व आशिया खंडांतला, बिळांत राहणारा, आखूड पायांचा निशाचर प्राणी. त्याचा केस मुळाशीं फिकट, मध्यें काळा आणि शेंड्याला पांढरा असतो, व टोंकाकडे निमुळता होत जातो. पाणी भरपूर धरणारा आणि स्पर्शाला मऊ, अशी त्याची ख्याति. फ्रेंच भाषेंत तर 'ब्लेरो' हा एकच शब्द बॅजरलाहि लावतात आणि दाढीच्या ब्रशालाहि. 'प्युअर', 'बेस्ट', 'सुपर', 'सिल्व्हरटिप' अशा चढत्या पदव्या विक्रेते या केसाला देतात. त्यांत 'प्युअर', म्हणजे शुद्ध, ही सर्वांत खालची प्रत असते, यावरून व्यापाराच्या भाषेंत शुद्धतेची किंमत काय तें वाचकांनींच ठरवावें!

राजा म्हटला कीं तोतये आलेच. डुकराच्या पांढऱ्या केसांवर मध्येंच काळा पट्टा रंगवून त्याला बॅजरचें सोंग देण्याचा प्रकार आजहि चालतो. त्यांत नुकसान होतें तें फार तर पैशाचें. पहिल्या महायुद्धाच्या काळीं अशाच एका सोंगापायीं माणसें मेलीं. युद्धामुळें केसांच्या व्यापाराचे जुने मार्ग तुटले, तेव्हां बाहेरून आलेले घोड्याचे केस बॅजरसारखे दिसावेत अशा रीतीनें बांधून स्वस्त ब्रश विकले गेले. ते केस नीट निर्जंतुक केलेले नव्हते, आणि त्यांतल्या कांहींत अँथ्रॅक्सचे, म्हणजे गुराढोरांना होणाऱ्या काळपुळीचे, बीजाणु दडून राहिले होते. हे बीजाणु कोरडे पडले तरी वर्षानुवर्षें मरत नाहींत. वस्तऱ्यानें गालावर बारीकशी चीर पडावी आणि तेवढ्या वाटेनें मृत्यूनें शिरावें, असें इंग्लंड-अमेरिकेंत सैनिकांच्या आणि साध्या नागरिकांच्या बाबतींत घडलें. त्या सुमारास नोंदलेल्या अशा रोग्यांची संख्या २०० हून अधिक भरते. १९१९ सालीं ब्रिटिश पार्लमेंटनें अँथ्रॅक्स-प्रतिबंधक कायदा केला आणि १९२० सालीं जपानी दाढीच्या ब्रशांच्या आयातीवर बंदी घातली. कूळ विचारूं नये हें ऋषींच्या बाबतींत ठीक आहे. ब्रशाच्या बाबतींत न विचारणें एके काळीं प्राणांवर बेतलें होतें.

आतां चौथें कूळ. याला आई-बाप नाहींत, प्रयोगशाळा आहे. २८ फेब्रुवारी १९३५ या दिवशीं अमेरिकेंत ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेंत वॉलेस कॅरदर्स यांच्या हाताखालीं नायलॉन तयार झालें. नायलॉन म्हटलें कीं लोकांना बायकांचे तलम मोजे आठवतात. परंतु तें बाजारांत प्रथम आलें, तें १९३८ सालीं दांतांच्या ब्रशांतून. तोंवर पाश्चात्त्य लोक ज्या ब्रशानें दांत घांशीत त्यांत बहुधा डुकराचेच केस असत. बाभळीच्या आणि कडुलिंबाच्या काडीनें दांत घांसणाऱ्या आमच्या पूर्वजांना हें कळलें असतें, तर सुधारणेविषयींचे त्यांचे संशय अधिकच दृढ झाले असते. खुद्द कॅरदर्स यांना मात्र हा ब्रश पाहावयास मिळाला नाहीं. १९३७ सालींच त्यांचा अंत झाला.

दांतांना जें मानवलें तें गालांना लगेच मानवलें नाहीं. जुन्या नायलॉनच्या ब्रशाचा तंतु शेंड्यापर्यंत सारखाच जाड, टोंकाला बोथट, आणि पाण्याशीं वैर धरल्यासारखा. त्यानें फेस होई, पण तो गालावर बसण्याऐवजीं भिंतीवर उडे. कृत्रिम ब्रशाची जी अपकीर्ति आजहि जुन्या माणसांच्या तोंडीं आहे, ती त्या काळची. हल्लींचा तंतु निराळा. तो बहुधा पॉलिएस्टरच्या जातीचा असून अत्यंत बारीक असतो, आणि क्षाराच्या द्रावणांत बुडवून त्याचीं टोंकें निमुळतीं करतां येतात. तो पाणी आंत शोषीत नाहीं; दोन तंतूंच्या मधल्या फटींत धरतो. म्हणून तो भिजत ठेवावा लागत नाहीं, साबण कमी खातो, आणि एकदां झटकला कीं लवकर वाळतो. गंमत अशी कीं, पुष्कळशा कारखानदारांनीं या तंतूलाहि मध्यें काळा आणि शेंड्याला पांढरा रंग दिला आहे. घोडा झाला, डुक्कर झालें, आतां प्लॅस्टिकलाहि बॅजर व्हावयाचें आहे!

फेस न झाल्याचा दोष ब्रशावर ढकलणाऱ्यांना येथें एक गोष्ट सुचवावीशी वाटते. पुण्यांत धरणाचें पाणी येतें त्या दिवशीं कोणताहि ब्रश गुणी ठरतो. विंधन विहिरीचें जड पाणी आलें कीं बॅजरचाहि मान राहत नाहीं, कारण पाण्यांतला चुना साबणाशीं जमून त्याचा चोथा करतो. ब्रश बदलण्यापूर्वीं बादली बदलून पाहावी.

हवेचेंहि तसेंच. रत्नागिरीकडे आषाढांत डुकराच्या केसांचा ब्रश सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत ओलाच राहतो, आणि चार दिवसांत त्याच्या बुडाशीं बुरशीचा कुबट वास येऊं लागतो. कृत्रिम ब्रश त्याच खिडकींत दुपारपर्यंत कोरडा होतो.

येथवर झाली ती गुणांची तुलना. परंतु आमच्या घरीं हा वाद निराळ्याच वाटेनें आला. ज्या घरांत अंडें उंबरठा ओलांडीत नसे, त्या घरांत अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, दाढीचा ब्रश डुकराच्या केसांचा होता, हा शोध रंगाच्या ब्रशांचा व्यापार करणाऱ्या एका नातलगांनीं आमच्याकडे मुक्कामाला असतां सहज, दांत कोरतां कोरतां लावला. घरांत क्षणभर स्तब्धता पसरली. सर्वांच्या नजरा आजीकडे वळल्या. तिनें वातीचा कापूस खालीं ठेवला आणि विचारलें, "दाढी झाल्यावर आंघोळ करतोच ना तो? मग झालें." आणि पुन्हां वाती वळावयास घेतल्या. मला तिच्या या निकालाचें आजहि कौतुक वाटतें. आपल्या धर्माचारांत प्राण्यांच्या केसांना मज्जाव कधींच नव्हता. सोंवळ्याला लोंकरीची धाबळी चालते, देवावर वनगाईच्या शेंपटीची चवरी ढाळतात, कस्तुरी तर प्राण्याच्या पोटांतलीच. आणि दशावतारांत वराहाचा क्रम तिसरा लागतो, हेंहि विसरतां येत नाहीं. चालतें काय आणि चालत नाहीं काय, याची रेघ तर्कानें आंखलेली नसून संवयीनें आंखलेली असते, आणि आजीनें ती वातीच्या कापसाइतक्या सहजतेनें दोन बोटें सरकवली.

पुढें कित्येक वर्षांनीं अण्णांच्या हाताला कंप सुटला आणि त्यांची दाढी करण्याचें काम माझ्याकडे आलें. दुसऱ्याच्या गालावर ब्रश फिरवल्यावांचून ब्रशाची खरी पारख होत नाहीं, असें मी आतां अनुभवानें म्हणूं शकतों. त्यांची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती. त्यांचा तो जुना, झिजून मऊ पडलेला, चाळीस वर्षें सोबत केलेला ब्रश टेंकला कीं ते कांहीं बोलत नसत. फक्त मान किंचित् भिंतीकडे वळवीत. दोन-तीन दिवस मीं तें पाहिलें, आणि चौथ्या दिवशीं बोहरी आळींतून कृत्रिम तंतूंचा एक ब्रश आणला. कोमट पाण्यांत बुडवून त्यानें फेस लावूं लागलों, तेव्हां त्यांनीं डोळे उघडले.

"हा कोणाचा?" त्यांनीं विचारलें.

"कोणाचाच नाहीं, अण्णा. कारखान्यांतला आहे."

"मग बरें," ते म्हणाले, आणि डोळे मिटून त्यांनीं हनुवटी वर केली.

या दोन शब्दांचा अर्थ मी अजून लावीत असतों. मऊ आहे म्हणून बरें, कीं कोणाचाच नाहीं म्हणून बरें? आजीच्या निकालानें घर मोकळें झालें. पण ज्यांच्या तोंडावरून तो ब्रश फिरत होता, त्यांच्या मनांतून ती गोष्ट गेली होती कीं नाहीं, हें आम्हीं कोणीं विचारलें नाहीं, आणि ज्या पिढीचे ते होते तिनें तें आपण होऊन सांगितलेंहि नसतें. पुढचे अकरा महिने त्यांची दाढी त्याच कृत्रिम ब्रशानें झाली.

'नैसर्गिक' हा शब्द ऐकला कीं हल्लीं लोकांच्या चेहऱ्यावर एक सात्त्विक भाव उमटतो. मला तो पटत नाहीं. बॅजरचा ब्रश नैसर्गिक खरा. परंतु ज्या ब्रिटनमध्यें हे ब्रश प्रतिष्ठेचें लक्षण मानले गेले, तेथें १९७३ पासून बॅजरला कायद्याचें संरक्षण आहे, आणि १९९२ च्या कायद्यानें तें अधिक पक्कें झालें. म्हणून केस येतात ते बहुतेक चीनमधून. तेथें हे प्राणी कोणत्या हालांत ठेवून मारले जातात, त्याचें चित्रण २०१८ सालीं एका प्राणिहितदक्ष संस्थेनें प्रसिद्ध केलें, आणि कांहीं विक्रेत्यांनीं हे ब्रश ठेवणें बंद केलें. आपल्याकडे चित्रकाराच्या कुंचल्यासाठीं मुंगुसाचे केस वापरीत. वन्यजीव कायद्यानें त्याला बंदी आहे, तरी चोरट्या व्यापाराच्या बातम्या येतच राहतात. गालावरचा फेस थोडा अधिक दाट व्हावा म्हणून एखाद्या रानटी जीवाला मारणें मला मान्य होण्यासारखें नाहीं, मग तो केस कितीहि मऊ असो. डुकराची गोष्ट निराळी. तें केसांसाठीं मारलें जात नाहीं, केस मागें उरतात. आणि कृत्रिम तंतूच्या भक्तांनींहि फार फुशारून जाऊं नये. तो खनिज तेलाचा नातू आहे. त्याच्यासाठीं कोणी मरत नाहीं हें खरें, पण तो स्वतःहि लवकर मरत नाहीं. टाकून दिलेला ब्रश मातींत कुजत नाहीं, नुसता पडून राहतो.

तेव्हां नवा ब्रश घेणाऱ्यानें बॅजरच्या वाटेस जाऊं नये; धीर असेल तर डुकराचा घ्यावा, नसेल तर कारखान्याचा. सध्यां माझ्याकडे दोन ब्रश आहेत. दसऱ्यापासून मृग लागेपर्यंत मी अण्णांचा जुना ब्रश वापरतों. त्याचे केस आतां विरळ झाले आहेत, अधूनमधून एखादा फेसांत गळून गालाला चिकटतो, आणि मी तो चिमटीनें काढून खिडकीच्या चौकटीवर ठेवतों. पावसाळ्यांत दुसरा.