आल्बमची वाटणी

घराची वाटणी करता येते. शेतात दोरी धरता येते, भांडी मोजून देता येतात, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या लावता येतात. पण घरात आल्बम एकच असला आणि भावंडे पाच असली, म्हणजे भलेभले पंच हात टेकतात. फोटो ज्याच्या वाट्याला जाईल, त्याच्या कपाटात बाकीच्यांचे तेवढे बालपण कुलूपबंद होते.

आमच्याकडे ही वेळ आली तेव्हा ते काम माझ्या गळ्यात पडले. मास्तर म्हणजे रिकामा माणूस, अशी आमच्या घराण्यात जुनी समजूत आहे! मी सगळे फोटो स्कॅन केले आणि ‘पिविगो’ची चित्रशाळा उभारायला बसलो. पिएरिक ल गाल या फ्रेंच गृहस्थाने २००२ साली ती प्रथम प्रसिद्ध केली, ‘पीएचपीवेबगॅलरी’ या नावाने. २००९ साली तिचे बारसे पुन्हा झाले. कुणीही ती फुकट घ्यावी, आतले लेखन वाचावे, हवे तसे बदलावे, अशी तिच्या परवान्यात मोकळीक आहे. मला जात्यावरच्या ओव्या आठवल्या. एकीने गायिलेली ओवी दुसरीने आपल्या माहेराचे नाव घालून गावी. मूळची कुणाची, हे कोण विचारतो?

मांडणी अवघड नव्हती. वर्षाच्या भाड्याने सर्व्हरवर जागा घेतली. एक लहानशी फाईल तिथे चढवून ब्राउझरमध्ये उघडली, आणि उरलेला पसारा तिने आपला आपणच आणला. मग डेटाबेसचे नाव, परवलीचा शब्द असले चार प्रश्न विचारून ती उघडली. रंगरूप बदलायला मात्र मला चार रात्री लागल्या. सीएसएसच्या ओळी लिहून मी पानाला सारवलेल्या जमिनीचा रंग दिला. आपण केलेले असे बदल एका वेगळ्या फोल्डरात राहतात. पिविगोची नवी आवृत्ती आली तरी त्यांना धक्का लागत नाही. कौले बदलली तरी देवघर जागचे हलू नये, तसे.

त्याहून मौज अशी, की एकच फोटो कितीही आल्बमांत ठेवता येतो. आजी ‘आजोळ’मध्ये आहे, ‘लग्नकार्ये’मध्ये आहे आणि पाचही भावंडांच्या आल्बमांत आहे. फोटो एकच, प्रत एकच. पंचांना न सुटलेले कोडे असे सुटले.

आणि दादा म्हणाला, “धाकटीचे फोटो काढून टाक.”

धाकटीने घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केल्याला अकरा वर्षे झाली. तेव्हापासून दादाने तिचे नाव घेतलेले नाही. ‘काढून टाका’ची कळ माझ्यासमोर होती, पण तिच्याशेजारीच, फोटो कुणाला दिसावा हे ठरवण्याची यादी होती. सर्वांना, ओळखीच्यांना, मित्रांना, कुटुंबाला, नाहीतर केवळ व्यवस्थापकाला. धाकटीला कुठल्या पायरीवर बसवायचे? मी ‘कुटुंब’ निवडले. पाचही भावंडांना खाती उघडून दिली. धाकटीलाही दिले. दादाला स्पष्ट सांगितले, “फोटो ठेवले आहेत. फक्त घरच्यांना दिसतील.” तो काही बोलला नाही; चहाही न घेता उठून गेला.

प्रत्येक फोटोखाली, तो किती वेळा पाहिला गेला, याचा आकडा येतो. जत्रेतल्या एका फोटोत सहा वर्षांची धाकटी दादाच्या खांद्यावर बसली आहे. तिच्या हातात भिरभिरे आहे आणि ते त्याच्या डोळ्यांसमोर आले आहे. इतर फोटोंचे आकडे दहा-बाराच्या पुढे सरकत नाहीत. याचा मात्र वाढतो आहे; काल तो त्रेसष्ट होता.

कोणत्या खात्यावरून कोण केव्हा येऊन गेले, याची नोंद व्यवस्थापकाला पाहता येते. ते पान माझ्यापासून एका टिचकीवर आहे. मी ते उघडलेले नाही. रात्री बाहेरचे दार कुणी हळूच लोटले, तर घरच्यांनी दिवा लावून पाहू नये.