सुईत दोरा ओवेना तेव्हा…

ईदच्या आधी महिनाभर आमच्या आपांच्या शिलाई मशीनला विसावा नसायचा. कोल्हापुरातल्या आमच्या गल्लीतल्या निम्म्या मुलींचे कुर्ते त्यांच्याच हातचे. त्या आपांना तीन वर्षांपूर्वी सुईत दोरा ओवता येईना. “आपा, चाळिशी लागली,” असे म्हणून मी हसले. चष्मा केला; वर्षाच्या आत बदललाही.

मग त्यांचा खांदा दाराच्या चौकटीला धडकू लागला. दस्तरख्वानवर कडेला ठेवलेला ग्लास हात लागून सांडायचा. एकदा बिंदू चौकात बाजूने आलेली रिक्षा त्यांना दिसलीच नाही. डोके दुखायचे, थकवा असायचा, त्रेचाळिसाव्या वर्षीच पाळी थांबली होती. आमच्याकडे प्रत्येकाचे कारण तयार होते: डोकेदुखी पित्ताची, थकवा रोज्यांचा, पाळी वयाची. कोणी नजर लागली म्हणून दम केलेले पाणीही आणले. थायरॉईडसाठी टीएसएच तपासला, तो नॉर्मल आला आणि आम्ही निर्धास्त झालो.

शेवटी एका नेत्रतज्ज्ञांनी पेरिमेट्री केली. या तपासणीत समोरच्या ठिपक्यावर नजर ठेवायची आणि आजूबाजूला दिवा चमकला की बटण दाबायचे. कागदावर दोन्ही डोळ्यांची बाहेरची बाजू काळी उमटली. “चष्मा बदलून उपयोग नाही, एमआरआय करा,” डॉक्टर म्हणाले.

नाकाच्या मागे, मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. शरीरातल्या बऱ्याच ग्रंथी तिच्या हुकमावर चालतात. तिच्यावरच्या काही गाठी जादा हार्मोन तयार करतात, त्यामुळे त्यांची लक्षणे लवकर दिसतात. आपांची गाठ ‘नॉन-फंक्शनिंग’ होती, म्हणजे हार्मोन न बनवता गुपचूप वाढणारी. अशा गाठी बहुतेक वेळा कर्करोगाच्या नसतात. पण 1 सेंटिमीटरच्या पुढे वाढून वर सरकल्या की डोळ्यांच्या नसा जिथे एकत्र येतात तिथे दाब देतात. मग बाजूचे दिसेनासे होते. सुईवर नजर रोखली की तिच्या पलीकडचेही हरवते. आपांचा दोरा तिथे अडला होता!

टीएसएच पिट्युटरीच बनवते. तीच दबली असेल, तर थायरॉईड कमी पडूनही तो आकडा नॉर्मल दिसू शकतो. म्हणून डॉक्टरांनी फ्री टी-फोर, सकाळचे कॉर्टिसॉल आणि प्रोलॅक्टिनही तपासले.

नाकातून दुर्बिणीने ऑपरेशन झाले. अल्हमदुलिल्लाह, नजर बरीच परतली, पूर्ण नाही. दाब लवकर निघाला असता तर अधिक परतली असती, हे ऐकताना माझी मान खाली गेली.

आता आपांना कॉर्टिसॉलची गोळी चुकवून चालत नाही. पहिल्या रमजानला त्या रोज्यासाठी हट्ट धरून बसल्या. आजारी माणसाला दीनने सवलत दिली आहे, हे त्यांना समजवावे लागले. रोजा ठेवायचा की नाही, हे आता त्या दरवर्षी डॉक्टरांना विचारूनच ठरवतात.

भगिनींनो, घरात कोणी वारंवार कडेच्या वस्तूंना धडकत असेल, चष्मा बदलूनही दिसत नसेल, सोबत डोकेदुखी, थकवा किंवा अवेळी थांबलेली पाळी असेल, तर ही सगळी लक्षणे एकाच डॉक्टरांना एकत्र सांगा. पेरिमेट्रीबद्दल स्वतःहून विचारा. अचानक भयंकर डोके दुखून उलट्या झाल्या, दिसेनासे झाले, तर त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा. खर्चाची चिंता असेल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

दुआ करावीच, पण तपासणी थांबवू नये. यंदा आपांनी पुन्हा एक कुर्ता शिवला. सुईत दोरा मात्र मी ओवून दिला.