रिम फुलवून घ्या

घरात प्रिंटर आला तो मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी. बघता बघता तो गल्लीचा झाला. कुणाचा सातबारा, कुणाचा आठ-अ, कुणाचं रेल्वेचं तिकीट. १५ रुपये भरले की डिजिटल सहीचा उतारा मोबाईलवर येतो खरा, पण कर्जाच्या फाईलला तो कागदावरच लागतो. मग लोक आमच्याकडे येतात आणि कागद अडकला की म्हणतात, "मशिन गेलं वाटतं." माझा अनुभव वेगळा आहे. मशिनला बहुतेक वेळा काही झालेलं नसतं, कागद नीट बसवलेला नसतो.

आतली करामत साधी आहे. रबराचा रोलर वरचं पान ओढतो आणि खालची छोटी पट्टी दुसऱ्या पानाला मागे धरते. पानं एकमेकांना चिकटलेली असली तर दोन-तीन एकदम जातात. रोलरवर धूळ बसली तर एकही जात नाही. आमच्या जेऊर गावचं हवामान दोन्ही बाजूंनी त्रास देतं. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पुढे आणि हवा इतकी कोरडी, की पानं एकमेकांना धरून बसतात. पावसाळ्यात तोच कागद दमट होतो, कडा लाटांसारख्या होतात, कोपरे वळतात. म्हणून रिम फोडली की लागेल तेवढाच गठ्ठा काढायचा, बाकीचा वेष्टनात गुंडाळून कपाटात ठेवायचा. काढलेला गठ्ठा पत्ते फुलवतात तसा दोन्ही टोकांनी फुलवायचा, मग टेबलावर आपटून कडा सारख्या करायच्या.

आमचा प्रिंटर मागून कागद घेणारा. ट्रे वरून उघडा असतो आणि गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टरांनी उडवलेली धूळ थेट त्यात पडते. काम झालं की मी उरलेली पानं काढून घेते आणि वर फडकं टाकते. शंभर पानं मावतात म्हणून शंभर भरायची हौस कशाला?

बाजूच्या सरकत्या पट्टीकडे तर कुणी बघतच नाही. ती कागदाला नुसती टेकली पाहिजे. दाबून बसवली तर कागद मधे फुगतो, सैल राहिली तर तिरका जातो आणि उताऱ्यातले रकाने तिरपे उमटतात. मापाचंही तसंच. ट्रेमध्ये ए-४ आणि कॉम्प्युटरवर 'लेटर' असेल, तर घोळ ठरलेला. ए-४ची लांबी २९७ मिलिमीटर, लेटरची २७९. त्या फरकात खालची ओळ कापली जाते.

शेजारच्या काकूंच्या बचत गटाचं लेटरहेड छापायचं होतं. कोणती बाजू वर, नाव कुठल्या टोकाला, यावर वाद झाला. मी एका कोऱ्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने फुली मारली, ते पान ट्रेत घातलं आणि मजकूर कुठे उमटतो ते पाहिलं. वाद मिटला. मागून कागद घेणाऱ्या आमच्या प्रिंटरमध्ये छापायची बाजू आपल्याकडे तोंड करून ठेवावी लागते. खालच्या ट्रेचे बरेच प्रिंटर कागद आत उलटवतात, तिथे ती बाजू खाली. पाठपोट छापतानाही हीच फुली उपयोगी पडते.

अडकलेला कागद हिसकून ओढणारे तात्या प्रत्येक घरात असतात. आमचे तात्या म्हणाले, "जोर लाव की जरा." जोर लावला की कागद फाटतो, तुकडा आत राहतो आणि पुढचं प्रत्येक पान त्यावर अडतं. आधी बटण बंद करा, झाकण उघडा आणि कागद ज्या दिशेने चालला होता त्याच दिशेने दोन्ही हातांनी सावकाश काढा.

दुरुस्तीसाठी मशिन उचलून सोलापूर किंवा पुण्याची गाडी पकडण्याआधी एवढं करून बघा: सगळा कागद बाहेर काढा, रोलर किंचित ओल्या फडक्याने पुसून वाळू द्या आणि नव्या रिममधली वीस पानं फुलवून घाला. त्यानंतरही अडकलं, तर खुशाल तिकीट काढा.